दहावं घर

त्यांचा उजवा हात निळा होता आणि डावा काळा. हे मी वाढवून सांगत नाहीये. पुढं थोडंफार वाढवेन, ती माझी जन्माची खोड आहे, पण हातांचं जसंच्या तसं. उजवा हात निळ्या रंगाच्या बाटल्यांत बोटं बुडवून बुडवून निळा झालेला, डावा सिल्व्हर नायट्रेटनं काळा. चांदीचं ते पाणी कातडीला लागलं की आधी काहीच दिसत नाही. माणूस उन्हात गेला की तासाभरात डाग काळा पडतो, आणि कातडी झडेपर्यंत जात नाही. त्यांची कातडी झडायच्या आत नवा डाग पडायचा. नमस्काराला दोन्ही हात जोडले की दोन निरनिराळ्या माणसांनी एकमेकांचा हात धरलाय असं वाटायचं, आणि समोरचा माणूस नमस्कार परत करायला विसरायचा.

तोंडावर सगळे त्यांना 'सर' म्हणत, पाठीमागं 'रंगारी'. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नगर-सोलापूर रस्त्यावर, शहर संपून उघडा माळ सुरू होतो तिथं, बाजरीच्या वाणांवर काम करणारं एक छोटंसं केंद्र होतं. तिथल्या प्रयोगशाळेत ते वरिष्ठ सहाय्यक आणि मी एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी दोन वर्षं त्यांच्या पदरात पडलेला विद्यार्थी.

काम काय ते आधी सांगून टाकतो. बाजरीचे दाणे कुटायचे, त्यांतली प्रथिनं पाण्यात उतरवायची, ती एका निळसर मिसळद्रवात घालून उकळायची, आणि तळहाताएवढ्या पारदर्शक जेलच्या वरच्या कडेला जी दहा बारीक घरं असतात त्यांत थेंब थेंब भरायची. मग वीज लावायची. हलकी प्रथिनं पुढं पळतात, जड मागं रेंगाळतात. चार तासांनी जेल बाहेर काढलं की दिसतं काय? काहीही नाही. सगळे आपापल्या जागी जाऊन बसलेले असतात, पण एकजात अदृश्य. रंग दिला की आडव्या रेघा उमटतात, आणि रेघांच्या ठेवणीवरून वाण ओळखायचा.

"म्हणजे आपण भुतांची हजेरी घेतो," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

रंग दोन. एक निळा, एक चांदी. निळ्यात जेल रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी व्हिनेगरच्या वासाच्या पाण्यानं धुवा, काम झालं. त्याला ते 'सरकारी रंग' म्हणत. "निळ्याला ओरडणाराच ऐकू येतो. चांदीला कुजबुज ऐकू येते," हे त्यांचं लाडकं वाक्य. निळ्यात जिथं कोरं दिसतं तिथं चांदीत रेघ उमटते हे खरंच आहे, पण चांदीचे नखरे राजघराण्यातले. धुवायला पाणी ऊर्ध्वपातित लागतं, आणि तेही सहा वेळा. नगरच्या नळाचं पाणी इतकं खारं की एकदा मी घाईत त्यानं जेल धुतलं तर वरून चांदी ओतताच ट्रेमध्ये बघता बघता दूध. शिपाई गंगाराम आत आला, ट्रेमध्ये डोकावला आणि म्हणाला, "आज च्या कोरा न्हाई तर मग."

रंगारी ते ऊर्ध्वपातित पाणी जिभेवर घेऊन तपासत. एक थेंब, डोळे मिटून. बहुतेकदा मान हलवून पुढं जात. पण एकदा डोळे न उघडताच म्हणाले, "यात माणूस आहे." आणि वीस लिटरचा कॅन मोरीत ओतून मोकळे झाले. गंगारामला बोलावलं. त्यानं पायताणं बाहेर काढली, कान धरले आणि कबूल केलं, "बोट बुडालं हुतं जी, भरताना. पर धुतल्यालं बोट हुतं." त्या दिवसापासून गंगाराम त्यांच्या सावलीलाही पाय लावत नसे.

चांदीला उजेड नको, म्हणून प्रयोगशाळेच्या खिडक्यांना जाड काळं कापड. बाहेर मे महिन्याची दुपार, दगडावर बाजरी टाकली तर लाह्या होतील असं ऊन, रस्त्यावर एक ट्रक नाही, झाडावर एक कावळा नाही. आत अंधार, आणि कोपऱ्यात एक मिणमिणता बल्ब. दुपारी दोन वाजता तिथं जी भीती वाटायची तिला मी आजवर नाव देऊ शकलेलो नाही. शेवटचं पाणी ओतलं की जेलमध्ये रेघा यायला लागत. आधी पिवळट, मग चहासारख्या, मग काळ्या. काही नसलेल्या जागेतून काहीतरी वर येतंय, आणि आपण वाकून बघतोय. त्या क्षणाला रंगारी घड्याळ बघत नसत. मान जरा डावीकडं कलती करून, कुणी काही सांगतंय का ते ऐकल्यासारखे थांबत, आणि मग एकदम ॲसिड ओतून रेघा थांबवत. कधीही चूक नाही.

आता दहाव्या घराकडं येतो. नऊ घरांत बाजरीचे नऊ नमुने भरायचे आणि दहावं रिकामं ठेवायचं, त्यात नुसता मिसळद्रव. ते कोरं राहिलं म्हणजे आपलं काम स्वच्छ. पण रंगाऱ्यांच्या चांदीच्या जेलमध्ये दहावं घर कधीच कोरं नसे. मध्यापासून जरा वर, एकच काळी रेघ. ती आली की त्यांचा चेहरा सैल पडायचा आणि ते हलक्या आवाजात म्हणायचे, "आल्या."

"कोण आल्या, सर?"

"पाहुण्या."

पुस्तकात याचं उत्तर आहे आणि मी ते विद्यार्थ्यांना शिकवतो. माणसाच्या कातडीची धूळ, नखांचा कण, असलं काही द्रवात पडलं तर चांदी तेवढंही दाखवते. निळ्याला पत्ताही लागत नाही. एवढंच. पण पुस्तक लिहिणारा माणूस त्या खोलीत दुपारी दोन वाजता उभा राहिलेला नव्हता.

जेल रंगवताना ट्रे सारखा हलवत ठेवावा लागतो. आमचं हलवायचं यंत्र माझ्या जन्माआधी बंद पडलं असावं. रंगारी हातानं हलवत. ट्रेचं आपल्या बाजूचं टोक उचलत, टेकवत, उचलत, टेकवत. आणि त्यांनी आपलं टोक टेकवलं की पलीकडचं टोक उचललं जायचं. बोटभर. मी खाली वाकून पाहिलं. काडी नाही, स्प्रिंग नाही. टेबल वाकडं असेल म्हणता? मीही तेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी गवंड्याकडून लेव्हल मागून आणली आणि टेबलावर ठेवली. बुडबुडा मधोमध, हललाही नाही.

शेवटी मी गंगारामला चहाच्या टपरीवर गाठलं आणि ट्रेच्या पलीकडच्या टोकाचं विचारलं.

"बाईंची जागा हाय ती," तो बशीत चहा ओतत म्हणाला.

"कोण बाई?"

"तुमच्या आदी हुत्या. सरांच्या जोडीला. मिरजगावहून रोज येष्टीनं यायच्या. अठरा वरीस दोगांनी ह्यो ट्रे हलवला, एकीकडून ह्ये, एकीकडून त्या. बोलनं म्हंजे 'झालं का' अन् 'झालं'. त्याच्या म्होरं एक शबुद न्हाई. पर रंग कवा थांबवायचा त्ये बाईच सांगायच्या. सर निसते त्यांच्याकडं बघत बसायचे."

"मग?"

"मग काय. शुक्करवारी त्यो निळा द्रव बाटलीत भरून ठिवला अन् घरी गेल्त्या. दोन दिस ताप. सोमवारी आल्याच न्हाईत." त्यानं बशी संपवली. "हातमोजे घालत नव्हत्या बगा कंदी. म्हनायच्या, मंग हाताला कळत न्हाई."

एका बाटलीचा उलगडा मला तेव्हा झाला. मिसळद्रवाची एक तपकिरी बाटली फ्रीजरच्या अगदी आतल्या कोपऱ्यात असे. चिठ्ठीवरचं अक्षर बाईंचं, त्यावर पारदर्शक पट्टी चिकटवलेली. ती संपत आली की रंगारी नवा द्रव बनवत, पण तो नुसता वापरत नसत. जुन्यातला चमचाभर नव्यात घालत. घरात दह्याला विरजण लावतात ना, अगदी तसं. चार वर्षं त्या बाटलीत बाईंचं विरजण चाललं होतं.

मी हिशेबी माणूस. चमचाभरातला चमचाभर, त्यातला पुन्हा चमचाभर, असं दहा-बारा वेळा केल्यावर उरतं काय? समुद्रात टाकलेली साखर. रेघ दर वेळी फिकट व्हायला हवी. मी कपाटातली सगळी जुनी, वाळवलेली जेलं काढून तारखेप्रमाणे ओळीनं मांडली. पहिल्या वर्षी दहाव्या घरातली रेघ पेन्सिलीनं ओढल्यासारखी होती. चौथ्या वर्षी काजळाच्या बोटानं ओढल्यासारखी. मी जेलं होती तशी परत ठेवली आणि तीन दिवस फ्रीजर उघडला नाही.

तेवढ्यात प्रबंध तपासायला बाहेरचे परीक्षक आले. अकोल्याच्या एका कॉलेजात मला नोकरी ठरली होती. अट एकच. एक जूनला पदवीचा कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या दुसऱ्याला. आमच्या घरात पगारी नोकरी पहिल्यांदा येऊ घातली होती. आई तर शेजारणींना सांगताना मला प्रिन्सिपॉल करून मोकळी झाली होती. परीक्षकांनी जेलचा फोटो उजेडात धरला आणि दहाव्या घरावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"पाहुण्या, सर," मी बोलून गेलो.

"काय?"

"म्हणजे कातडीची धूळ, सर. केरॅटिन."

"मग हातमोजे कुणी घालायचे? मी?" त्यांनी फोटो टेबलावर टाकला. "कोऱ्या घरात एवढं दिसतंय, तर बाकीच्या नऊ घरांतलं बाजरीचं किती आणि तुमचं किती, मी काय समजू? निळा रंग देऊन लपवूही नका. तुमचे वाण ज्या बारीक रेघांवर ओळखले जातात त्या चांदीतच दिसतात. पंधरा दिवसांत चांदीचं जेल, दहावं घर कोरं. मग सही. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

मी रंगाऱ्यांना म्हणालो, "सर, फक्त एकदा, नवा द्रव, विरजण न घालता?"

ते म्हणाले, "नाही."

"माझी नोकरी आहे, सर."

"कळतं मला," ते म्हणाले आणि ट्रे हलवत राहिले. पलीकडचं टोकही हलत राहिलं.

त्या शनिवारी ते पुतण्याच्या लग्नाला गेले, आणि मी बाटली काढली. झाकण उघडलं तर सडक्या अंड्याचा नेहमीचा वास, त्यात काही विशेष नाही. पण ती मोरी पाणी ओतलं की गाढवासारखी ओरडायची. त्या दिवशी मी बाटली उलटी केली आणि द्रव बिनआवाजाचा गेला. पायरी उतरून कुणी अनवाणी जावं तसा. मी बाटली तीनदा धुतली, चिठ्ठी खरवडून काढली. नवी रसायनं, नवी काच, हातांवर हातमोज्यांचे दोन थर, तोंडाला रुमाल. जेल चालवलं, चांदी दिली.

दहाच्या दहा घरांत रेघ आली.

एकेक नव्हे, अख्खी. या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक रुंद काळी पट्टी, कुणीतरी आडवं निजल्यासारखी. बाजरीची एकही रेघ तिच्यातून डोकं वर काढत नव्हती. मी म्हटलं, घाईत चुकलं असेल. रविवारी दुसरं जेल. पट्टी आणखी रुंद. तिसरं जेल करताना मी श्वाससुद्धा तोंड वळवून घेत होतो. त्यात पट्टी आली, आणि दहाव्या घराच्या वर एक ठसा उमटला. अंगठ्याचा. भोवऱ्यासकट स्वच्छ. मी हातमोजे काढून माझा अंगठा शेजारी धरला. ठसा माझ्यापेक्षा खूपच लहान होता.

सोमवारी रंगारी आले. दारातच थांबले. हवेत काही हुंगलं असेल, किंवा माझा चेहराच पुरेसा असेल.

"बाटली?"

"ओतली, सर."

"कुठं?"

"मोरीत."

ते स्टुलावर बसले. काळा हात निळ्या हातात धरून बराच वेळ बसले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी तिन्ही जेलं त्यांच्यापुढं मांडली. त्यांनी अंगठ्याच्या ठशावरून, न टेकवता, बोट फिरवलं.

"त्यांना मी एक घर दिलं होतं," ते म्हणाले. "तू तेही काढून घेतलंस. मग त्या बसणार कुठं? मिळेल तिथं बसल्या."

"सर, चुकलं. पण सहा दिवस उरलेत. आई काय काय सांगून बसलीये लोकांना. मी काय करू?" विशीतला बाप्या गडी, तिथं त्या व्हिनेगरच्या वासात हुंदके देत उभा होतो, हेही वाढवून सांगत नाहीये.

ते उठले. "तू काही करू नकोस," म्हणाले. हात धुतले, कोपरापर्यंत, सहा वेळा. मिसळद्रव स्वतः बनवला. बाजरीचे नऊ नमुने भरले, दहाव्या घरात नुसता द्रव सोडला. वीज लावली. चार तास जेल चालू दिलं. दुपारी दोनला जेल ट्रेमध्ये घेतलं आणि शेवटचं पाणी ओतण्याआधी ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूकडं वळले. तिथं कुणी नव्हतं. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"बाई," ते म्हणाले, "पोराचं काम अडलंय. एक जूनच्या आत त्याला अकोल्याला जायचंय." थोडं थांबले. अठरा वर्षांत जे बोलले नाहीत ते आता बोलतील असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "येत राहिलात, बरं वाटलं. आता उठा."

पाणी ओतलं. त्यांनी आपलं टोक उचललं, टेकवलं. पलीकडचं टोक टेबलाला चिकटून राहिलं. पाणी एका बाजूला साचलं.

"तिकडून धर," ते मला म्हणाले. मी धरलं. आणि मग, माझ्याकडं न बघता, "तुझं घड्याळ काढून दे."

रेघा आल्या. पहिल्या घरात, दुसऱ्यात, नवव्यापर्यंत, सुईनं ओढल्यासारख्या बारीक आणि सुंदर. दहाव्याकडं बघायची माझी हिंमत नव्हती. ते मात्र फक्त तिकडंच बघत होते. काटा फिरला, त्यांनी ॲसिड ओतलं, आणि स्वतः जाऊन खिडकीवरचं काळं कापड ओढून काढलं. दोन वर्षांत ते कापड निघालेलं मी तरी पाहिलं नव्हतं. ऊन धाडकन आत आलं. त्यांनी जेल दोन्ही हातांवर घेऊन उन्हात धरलं. दहाव्या घरातून मला पलीकडचा माळ दिसला, बांधावरची बाभूळ दिसली, तिची काट्यानकाटा फांदी दिसली.

मी ओरडलोच असतो आनंदानं, पण त्यांचा चेहरा बघितला.

"फोटो काढ आधी," ते म्हणाले.

त्या फोटोवर परीक्षकांनी सही केली. मी ठरल्या तारखेला अकोल्यात हजर झालो, आणि आईनं पेढे वाटताना पुन्हा प्रिन्सिपॉल म्हटलं. रंगाऱ्यांनी त्याच महिन्यात अर्ज देऊन शेतावरच्या विभागात बदली करून घेतली. कणसं मोजायच्या कामावर. पुढं त्यांचे हात आपल्या रंगावर आले असतील, मी बघायला गेलो नाही.

पण त्या दुपारी फोटो काढून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं ब्लेड मागितलं. जेल काचेवर पसरलं आणि नवव्या घराच्या कडेनं सरळ चीर दिली. करंगळीएवढी पट्टी सुटी झाली, पाण्यासारखी, आरपार. साबणाची रिकामी डबी होती, तीत थोडं पाणी घेतलं आणि पट्टी तिच्यात सोडली. सोडल्यावर ती दिसेनाशी झाली.

"सर," मी म्हणालो, "त्यात काहीच नाहीये."

"बाईंनी केलेलं शेवटचं काम आहे ते," ते म्हणाले, आणि आतलं पाणी डचमळू नये इतक्या बेतानं डबीचं झाकण लावलं.